उजवी पाकळी

आंदर मावळात डॉक्टर असताना मी एका म्हाताऱ्या भगताला भर जत्रेत खोटे पाडले. जे सिद्ध करून दाखवले ते शास्त्राच्या कसोटीवर अचूक होते. आज पुन्हा तपासले तरी त्यात खोट निघणार नाही. चूक निराळीच होती. मला त्या माणसाचा हेवा वाटत होता, आणि त्या हेव्याला मी विज्ञानाचे नाव दिले. त्यापायी एक बाई जिवानिशी गेली. तिच्या नवऱ्याने मला एक साधा प्रश्न विचारला तेव्हा मी त्याला खरे उत्तरही दिले नाही.

दिवाळी अंकासाठी दवाखान्यातल्या आठवणी लिहा, असे संपादकांचे पत्र आले, तेव्हा त्यांना बहुधा बऱ्या झालेल्या रोग्यांच्या हकिकती हव्या असाव्यात. तशा माझ्याजवळ आहेत. पण पहिल्या ओळीपासून हीच समोर येते, म्हणून हीच लिहितो. गावाचे नाव मात्र लिहीत नाही.

माझा दवाखाना लोकल बोर्डाचा. पुढे तो जिल्हा परिषदेकडे गेला. दोन खोल्या आणि पुढे पडवी. मोटारीचा रस्ता तिथेच संपायचा, पुढे डोंगरातल्या वाड्यांना पायवाटा. औषधे म्हणाल तर तांबडे मिक्श्चर, पांढरे मिक्श्चर, गोळ्या, मलमे आणि सुया. रोगी आला की पहिला प्रश्न, "बाटली आणली का?" बाटली घरून आणायची, तिला बहुतेक रॉकेलचा वास यायचा. कंपाउंडर गेनूभाऊ ती विसळून भरायचे आणि वर खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायचे; एक खाच म्हणजे एक डोस. गेनूभाऊ तिथलेच. वयाने माझ्याहून मोठे, कमी बोलणारे.

कपाटाच्या वरच्या खणात सर्पदंशाच्या औषधाच्या चार कुप्या असत. बाहेरच्यांना सांगतो, ते औषध पांढऱ्या भुकटीसारखे असते. त्यात उकळून निववलेले शुद्ध पाणी घालून कुपी हलके हलके फिरवायची, घुसळायची नाही, फेस होतो. मग शिरेतून सावकाश द्यायचे. वेळेवर दिले तर मरणाच्या दारातून माणूस परत येतो. मला त्या चार कुप्यांचा फार अभिमान होता. आसपास कुणाकडे नव्हत्या.

पण साप चावलेला माणूस आधी माझ्याकडे येत नसे. खालच्या गावांतून वर वाघजाईच्या देवळाकडे जाणारी वाट माझ्या पडवीला लागूनच जायची. चौघांनी खांद्यावर झोळी घेतलेली, मागे बायका, आणि सगळे माझ्यासमोरून चालत पुढे जायचे. जाताना "रामराम डाक्तर" म्हणायचे. मी खुर्चीत बसून ती झोळी वळणाआड जाईपर्यंत पाहत राहायचो. तेव्हा आत कुठेतरी जळायचे. चार वर्षे शिकलो, परीक्षा दिल्या, बायकोला पुण्याहून या डोंगरात आणून टाकले, ते काय रामराम घ्यायला?

वर देवळात चिमाबाबा असायचे. ठाकरवाडीतले भगत. किडकिडीत, गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला मळके फडके. अंगात येणे, घुमणे, असले काही करत नसत. ते कौल लावत. देवीच्या तांदळ्याला, म्हणजे शेंदूर लावलेल्या पाषाणाला, देवचाफ्याच्या दोन पाकळ्या चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर देवीचे 'व्हय', डावी पडली तर 'न्हाई'. एवढेच. आणि त्या एका पाकळीवर सगळा मुलूख चालायचा. हंगामातली पहिली काकडी त्यांच्याकडे, नवी सून त्यांच्या पाया पडायला, भांडणे त्यांच्यापुढे मिटायची.

एक गोष्ट मला कळत होती आणि मी ती धरून होतो. आपल्याकडे चावणारे बरेचसे साप बिनविषारी. भाताच्या खाचरात दिवड चावते, बांधावर धामण. पण चावले या भीतीनेच माणसाला घाम फुटतो, हातपाय गळतात. त्याला देवळात बसवून धीर दिला की तो बरा होणारच. म्हणजे बाबांचे यश फुकटचे, असा माझा हिशेब. खरे विष चढलेले काही जण माझ्याकडे यायचे, ते तेवढे वाचायचे, आणि मला वाटायचे, हे माझ्या कीर्तीमुळे येतात. अशांच्या मनगटाला बऱ्याचदा तांबडा धागा बांधलेला असायचा. मी आधी कात्रीने तो कापून बादलीत टाकायचो. त्यात मला बरे वाटायचे. गेनूभाऊ मात्र धागा दिसताच, मी सांगण्याआधीच, पिचकारी उकळायला स्टोव्ह पेटवायचे. माणूस चलाख आहे, एवढेच मी मनात म्हणायचो.

जत्रेआधी पटकीची लस टोचायला मी देवळात गेलो होतो. सगळ्या वाड्यांना मिळून छप्पर असलेली मोठी जागा तीच. मी सभामंडपात एका खांबाशी टोचत होतो, पलीकडच्या खांबाशी चिमाबाबा बसले होते. माझ्या रांगेतली माणसे तोंड वाकडे करून पुढे सरकत होती आणि दंड चोळत त्यांच्याकडे जाऊन बसत होती. तिथे हसणे, खोकणे, गप्पा.

तेवढ्यात सरूबाई आली. तिला मी ओळखत होतो. मारुती नावाच्या शेतकऱ्याची बायको, पंचविशीतली. तीन महिने तिची उजवी मूठ आवळलेली होती, उघडतच नव्हती. माझ्याकडे दोनदा येऊन गेली होती. मी हातोडीने ठोकून पाहिले, टाचणी टोचून पाहिली, जीवनसत्त्वाच्या सुया दिल्या. नसांत, हाडांत काही दोष नव्हता. रजिस्टरात हिस्टेरिया असे लिहिले आणि मारुतीला म्हणालो, "हिला काही झालेलं नाही."

"मग मूठ का उगडत न्हाई?" मारुती म्हणाला.

"पुण्याला न्या," मी म्हणालो. पुढचा रोगी उभाच होता.

माझ्या कपाटात मानसशास्त्राचे एक जाडे इंग्रजी पुस्तक होते. त्यात अशाच एका बंद मुठीची हकिकत मी वाचली होती. मनात दडलेली गोष्ट हाताला कशी बांधून टाकते, ती बोलून दाखवली की हात कसा सुटतो. म्हणजे मला ठाऊक नव्हते असेही नाही.

चिमाबाबांनी तिला शेजारी बसवले. मुठीकडे पाहिलेही नाही.

"मायेरी कोन कोन हाय गं तुज्या?"

"भाऊ हाय."

"न्यायला येतो का?"

"यंदा न्हाई आला."

असे बराच वेळ चालले. कोंबड्यांचे, भाताचे. मग त्याच आवाजात म्हणाले, "ह्यो हात कुनावर उचाललास, बाय?"

सरूबाईने मूठ पदराआड घेतली. सासूवर, ती म्हणाली. कोयत्यावरून भांडण झाले, तिने सासूला ढकलले. पुढे पंधरा दिवसांत म्हातारी तापाने गेली. हे कुणाला माहीत नव्हते. मारुती तिथेच उभा होता. त्याने खाली मान घातली.

बाबा उठले, पाकळ्या लावल्या. थोड्या वेळाने उजवी पडली.

"म्हातारी रुसली न्हाई," बाबा म्हणाले. "देवी म्हनती, ह्याच हातानं भाकरी थाप आन् वाडीतल्या पाच म्हाताऱ्यांना वाढ. आता ती पाकळी उचल. पायाखाली येईल."

सरूबाई वाकली आणि तिने उजव्या हाताने पाकळी उचलली. माझ्या डोळ्यांदेखत ती बोटे उघडली. सगळ्या मंडपातून एक उसासा निघाला. माझ्या हातातली सुई तशीच राहिली. समोरची म्हातारी म्हणाली, "टोचा की, डाक्तर!"

त्या क्षणी मला काय वाटायला हवे होते? एका बाईची मूठ उघडली होती. मला वाटले ते एवढेच, की हे माझे होते. माझ्या पुस्तकातले होते. या निरक्षर म्हाताऱ्याने ते माझ्या हातून पळवले.

मग मी दुपारभर टोचता टोचता त्यांच्या हातावर नजर ठेवली, आणि मला ते दिसले. देवचाफ्याची पाकळी खुडली की बुडाला पांढरा चीक येतो. बाबा एक पाकळी तशीच लावत. दुसरी लावण्याआधी तिचे बूड अंगठ्याने पुसत. पुसलेली आधी पडायची.

घरी आलो आणि पाटा भिंतीला उभा केला. चार दिवस त्याच्यावर पाकळ्या लावत होतो. बायको, कुसुम, चहा घेऊन आली आणि दारातच थबकली.

"अहो, चटणी वाटायची कशावर? पाट्याची देवी केलीत की!"

मी तिला सगळे समजावले. चीक, पुसलेले बूड, अंगठा. माझा आवाज चढला होता. तिने शांतपणे ऐकले.

"बरं. पाकळी हातानं पडते हे कळलं," ती म्हणाली. "पण कोणती पाडायची, हे त्यांना कसं कळतं?"

या प्रश्नाचे उत्तर मी शोधले असते तर पुढचे काही घडले नसते. मी म्हणालो, "तुला शास्त्र कळत नाही."

"नसेल कळत. पण लोक त्यांच्यापाशी बसून बोलतात. तुमच्याशी उभ्यानं बोलतात. एक बाकडं तरी ठेवा पुढं."

बाकडे मी ठेवले नाही.

चैत्रात वाघजाईची जत्रा. सकाळी पालखी फिरून आली, नारळ फुटले, मंडपात पाऊल ठेवायला जागा नव्हती. पंचायतीचे सभासद होते, मास्तर होते. मी पुढे झालो आणि म्हणालो, मला दोन शब्द बोलायचे आहेत, देवीबद्दल नाही, हाताबद्दल. बाहेरून एक पाटा आणवला, उभा केला, पाकळ्या घेतल्या.

"सांगा, उजवी पाडू की डावी?"

"डावी!" मागून एक जण ओरडला.

डावी पडली. मग उजवी. मग पुन्हा डावी. हशा सुरू झाला. कुणीतरी म्हणाले, "आरं, आता डाक्तरलाच भगत करा!" आणि आणखी मोठा हशा. खोटे कशाला बोलू, तो हशा मला फार गोड लागला. इथल्या चार वर्षांत पहिल्यांदा सगळी माणसे माझ्याकडे पाहत होती.

मग मी वळून विचारले, "बाबा, पाकळी देवी पाडते की तुमचा अंगठा?"

चिमाबाबांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिले.

"आंगठा माजाच हाय," ते म्हणाले. "ह्ये तुमी एकल्यानं येऊन इचारलं असतं, तरी सांगितलं असतं, डाक्तर."

त्यांनी हात धोतराला पुसले आणि ते देवळाच्या मागल्या अंगाने निघून गेले.

गर्दीतून सरूबाई माझ्याजवळ आली. ती हसत नव्हती. "डाक्तर, मग माजी मूठ कुनी उगडली?"

"तूच उघडलीस," मी म्हणालो. पुस्तकाप्रमाणे हे उत्तर बरोबर होते.

"मग तुमच्याकडं दोनदा आल्ते, तवा का न्हाई उगडली?"

तिचे बोलणे हशात बुडाले. ऐकले ते फक्त मी.

त्या दिवसापासून बाबांपुढची गर्दी ओसरली. पोरेटोरे म्हशीच्या शिंगाला पाकळ्या चिकटवून "माजं लगीन कवा?" विचारायची. मी वाट पाहू लागलो की आता पायवाट माझ्या पडवीशी थांबेल. आवणीचे, भात लावायचे दिवस आले, माणसे दिवसभर चिखलात. पण त्या पावसाळ्यात माझ्याकडे साप चावलेला एकही माणूस वेळेवर आला नाही. झोळ्या वर जाईनात हे खरे, पण त्या माझ्याकडेही येईनात. लोक घरीच थांबू लागले. यंदा साप कमी आहेत, असे मी गेनूभाऊंना म्हणालो. ते बाटली विसळत राहिले.

भाद्रपदात, दुपारच्या सुमारास, वरच्या वाडीकडून एक झोळी खाली आली आणि थेट पडवीत उतरली. मारुती होता, त्याचे दोन भाऊबंद होते. मागून काठी टेकत, चिखलाने माखलेले चिमाबाबा. झोळीत सरूबाई. मी नाडी पाहिली, डोळे पाहिले, छातीला नळी लावली. ती वाटेतच गेली होती.

अंगावर सूज नव्हती, व्रण नव्हता. मण्यार तशीच असते. झोपेत चावते, मुंगी चावल्याइतकेही कळत नाही. सकाळी पोट दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मग श्वास बंद पडतो. हे सगळे मला पाठ होते.

तिच्या उजव्या मनगटाला तांबडा धागा होता. सवयीने माझी कात्री तिकडे गेली. गेनूभाऊंनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. त्यांनी मला आतल्या खोलीत नेले.

"साहेब, धागा दिसला की मी स्टो का पेटवायचो, तुमाला काय वाटलं?"

मी कात्री टेबलावर ठेवली.

"ज्याला खरं इख चढलंय, त्यालाच बाबा तांबडा धागा बांधत्यात. बाकीच्यांना न्हाई. तीर्थ पाजून बघत्यात, गिळता येतंय का. देवीचं नाव घ्यायला लावत्यात, जीभ जड झाली का. पापनी वर करून बघत्यात. आन् मग कौल लावून सांगत्यात, देवी म्हनती सरकारी सुई घे. त्याबिगर कोन आलं असतं हितं? तुमच्याकडं जे आलं, ते समदं बाबांनी धाडल्यालं."

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगायचं मनात लय येळा आलं. तुमी धागा कापायचात तवा तुमचं तोंड बघायचो. मग न्हाई सांगितलं."

बाकीची हकिकत त्यांनी, मी तपासत होतो तेवढ्यात त्या दोघा भाऊबंदांकडून ऐकली होती, ती सांगितली. दिवस उजाडताच सरूबाईचे पोट दुखू लागले. शेजारचे म्हणून चिमाबाबांना बोलावले. त्यांनी तीर्थ पाजले, ते ओठांच्या कडेने बाहेर आले. बाबा म्हणाले, दवाखान्यात चला, आत्ता. ओढ्याला पाणी होते, पोटदुखीसाठी एवढे कशाला, ओवा देऊ, असे घरच्यांचे मत पडले. तेव्हा बाबांनी जत्रेनंतर प्रथमच कौल लावला. उजवी पडली. आणि मारुती म्हणाला, "बाबा, उजवी पाडाया तुमाला येतंया. डाक्तरानं दावलंय आमाला."

सकाळ त्यातच गेली. कुसुमने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला आता मिळाले होते. कोणती पाकळी पाडायची ते बाबा रोग्याकडे पाहून ठरवत. मी माझ्या कातडी पेटीतल्या नळी-हातोडीने जे निदान करायचो, तेच बाबा तीर्थाच्या पळीने करत. पाकळी का चिकटते हे मी शिकलो होतो. माणसे पाकळीला का चिकटतात, हे मात्र मला कॉलेजच्या चार वर्षांत कुणी शिकवले नव्हते, आणि शिकायची माझी इच्छाही नव्हती.

मी बाहेर आलो. मारुती झोळीशी बसला होता. त्याने वर पाहिले.

"डाक्तर, बाबांचा कौल खोटा व्हता ना?"

चिमाबाबा पडवीच्या खांबाला धरून उभे होते. ते माझ्याकडे पाहत होते. त्यांनी एक शब्द उच्चारला असता तर मी तिथेच कोसळलो असतो. ते बोलले नाहीत.

"फार उशीर झाला होता," मी म्हणालो.

हे खरेही होते आणि खोटेही. मारुतीने मान डोलावली. मी आत जाऊन रजिस्टरात लिहिले, मृतावस्थेत आणले. वरच्या खणात चारही कुप्या भरलेल्या होत्या. त्या पुरल्या असत्या, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मण्यारीचे विष हट्टी असते. पण आशा होती, आणि ती सकाळी होती.

आणखी एक गोष्ट लिहितो, लाज वाटली तरी. बाहेर मारुती चिमाबाबांच्या खांद्यावर डोके ठेवून रडत होता. ज्याला त्याने सकाळी झिडकारले होते, त्याच्याच. माझ्याजवळ कुणी आले नाही. आणि तेव्हासुद्धा, तिथेसुद्धा, मला बाबांचा हेवा वाटला.

वर्ष संपायच्या आत मी नोकरी सोडली आणि लोणावळ्याला बाजाराच्या मागे खासगी दवाखाना थाटला. इथे वेगळे रोगी. मुंबईहून हवापालटाला आलेले, बंगल्यात उतरणारे. कुणाला झोप नाही, कुणाच्या घशात गोळा अडकलेला, कुणाच्या छातीत धडधड आणि कार्डिओग्राम स्वच्छ. मी दारात बाकडे ठेवले. रोग्याशेजारी बसू लागलो. आधी माहेरची, मुलांची चौकशी, मग हळूच, "कुणाशी काही बिनसलं का?" बायका रडतात, पुरुष खिडकीबाहेर बघतात, आणि बरेच जण बरे होतात. "डॉक्टर, तुमच्या हाताला गुण आहे," असे म्हणतात. मी ऐकून घेतो. तो गुण कुणाचा, कुठून उचलला, हे कधी कुणाला सांगितले नाही.

मधे चौदा वर्षे गेली. गेल्या माघात गेनूभाऊ दवाखान्यात आले. ते निवृत्त झाले होते, मुलगा रेल्वेत लागला, त्याच्याकडे उतरले होते. कुसुमने त्यांना जेवायला बसवले.

"बाबा आहेत?" मी विचारले.

"हायेत. डोळं गेलं. पर नवा डाक्तर आलाय ना, पोरगाच हाय, त्यो पावसाळ्यात सुयांची पेटी घेऊन देवळातच बसतो, बाबांच्या शेजारी. बाबा हातानं चाचपून सांगत्यात, ह्याला टोच, त्याला नगं. लय मानसं वाचली, साहेब."

कुसुमचे डोळे भरून आले. माझ्या मनात पहिले काय आले असेल? त्या अनोळखी पोरसवदा डॉक्टरचा मत्सर. ती जागा माझी होती. बाबांशेजारची ती वीतभर जागा चार वर्षे माझी वाट पाहत रिकामी होती.

"आणि मारुती?"

गेनूभाऊंनी घास तसाच ठेवला. "दरसाल जत्रंला बाबांच्या म्होरं येऊन बसतो. एकच इचारतो. त्या दिशी मी निगालो असतो, तर सरू वाचली असती का? बाबा म्हनत्यात, औषदाचं मला काय ठावं, डाक्तराला इचार. त्यो म्हनतो, डाक्तर कुटं हाय?"

म्हणजे चौदा वर्षे तो ते ओझे आपल्या डोक्यावर घेऊन होता, आणि चिमाबाबा माझ्यावर अजून विश्वास ठेवून होते. गेनूभाऊ गेल्यावर कुसुम एवढेच म्हणाली, "चैत्राला दोन महिने आहेत. तोवर थांबवतंय का तुम्हाला?"

थांबवत नव्हते, तरी मी जत्रेपर्यंत थांबलो. खोटे पाडले होते भर मंडपात. कानात सांगून भागणार नव्हते. सकाळची एसटी धरली, पुढे चालत चढलो. माझ्या जुन्या पडवीत आता दोन बाकडी होती.

मंडप तसाच गच्च. चिमाबाबा गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी घोंगडीवर बसले होते, शेजारी तो तरुण डॉक्टर. त्याने मला ओळखले नाही, पण सरकून जागा केली. मी बसलो नाही. बाबांच्या पायांना हात लावला.

"कोन?"

"बाबा, मी. पाकळ्यांवाला डॉक्टर."

त्यांनी माझा हात धरला, अंगठा चाचपला. "उशीर क्येलात. कौल लावायचा काय?"

"नाही बाबा. माझं चुकलं हे सांगायचंय."

"मला काय सांगता? माजी पाकळी गेली, ती ह्या पोरानं आनून दिली माघारी. ज्याचं गेलं त्याला सांगा. त्यो बघा, खांबाशी आसंल."

मारुती खांबाशीच होता. केस पांढरे झाले होते. मला पाहून तो उठला, आणि डोक्याचे फडके काढून हातात घेतले. तो मला मान देत होता. ते मला सोसवले नाही. बोलणे आपोआप थांबत गेले, माणसे वळून पाहू लागली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी बोललो. काय बोललो ते जसेच्या तसे लिहितो.

"मारुतीभाऊ, तुम्ही मला विचारलं होतंत, बाबांचा कौल खोटा होता ना. मी उत्तर चुकवलं. कौल खरा होता. माझ्या कपाटात औषध होतं, सकाळी निघाला असता तर सरूबाईला वाचवायची आशा होती. तुम्ही निघाला नाहीत, कारण मी याच मंडपात तुम्हाला सांगितलं होतं की बाबांवर विश्वास ठेवू नका. ते मी शास्त्रासाठी सांगितलं नव्हतं. तुम्ही सगळे त्यांच्याकडं जात होता आणि माझ्याकडं येत नव्हता, ते मला बघवत नव्हतं, म्हणून सांगितलं. तुमची चूक नव्हती. माझी होती. बाबा, मारुतीभाऊ, मला क्षमा करा."